गावदेवीच्या पेटीची दोन कुलपं

हल्ली जो भेटतो तो एकच रड रडतो. माणूस बिघडला. देवळात भेटणारा म्हणतो, देवाची भीती गेली म्हणून बिघडला. वाचनालयात भेटणारा म्हणतो, देवाच्या नावानं डोकं गहाण टाकलं म्हणून बिघडला. मग दोघंही घरी जातात आणि दाराला आतून दोन, बाहेरून एक अशी तीन कुलपं लावतात. मी काही बोलत नाही. माणूस बिघडला म्हणूनच माझी चूल पेटली. पनवेलच्या बाजारात माझं कुलपांचं दुकान होतं. गाव सगळं साधुसंतांचं असतं तर मी उपाशी मेलो असतो.

मी तिसरीपर्यंत शिकलो. चौथीत मी गुरुजींना उलट उत्तर दिलं आणि शाळा सुटली. चूक शाळेची होती. तेव्हा माझं शुद्धलेखन छापणाऱ्यांनी बघून घ्यावं, पण वाक्य मोडू नये. कुलूप मोडून उघडणारा आणि वाक्य मोडून सुधारणारा, मला दोघंही सारखेच.

आमचं गाव खाडीकाठचं, पनवेलपासून चालत जाण्याच्या अंतरावर. मी लहान असताना गावात कुलूप नव्हतं. माणसं मिठागरावर जाताना दाराच्या कडीला काथ्याचा दोर बांधून जायची. तो दोरसुद्धा चोरासाठी नव्हे, कुत्र्यासाठी. मला मिठागराचं काम जमेना. उन्हात मिठाच्या चमकीनं डोळे जायचे आणि मुकादमाची बोलणी ऐकून डोकं जायचं. पनवेलच्या मोहल्ल्यात एक उस्ताद होते, कुलपं आणि बंदुका दुरुस्त करणारे. त्यांच्याकडे जाऊन बसलो. "हात दाखव," म्हणाले. दाखवले. म्हणाले, "हात अच्छे हैं, जबान खराब है. काम सीख जाएगा, गिऱ्हाईक नहीं टिकेगा." पहिलं खरं झालं.

ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कुलपाच्या पोटात पितळेच्या पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टीला एक कमान खाली दाबून धरते. किल्लीचे दाते त्या पट्ट्या बरोब्बर उचलतात, तेव्हा आतला खटका सरकतो. किल्ली हरवली तर आम्ही कोरी किल्ली दिव्यावर धरून काळी करतो, कुलपात घालून फिरवतो आणि बाहेर काढतो. जिथं काजळ खरडलं असेल तिथं कानस मारायची. पुन्हा काळी, पुन्हा आत, पुन्हा कानस. यात घाई केली की संपलं. कुलूप हे रुसलेल्या बायकोसारखं असतं, असं उस्ताद म्हणायचे. त्यांना दोन बायका होत्या, त्यांना ठाऊक.

उस्तादांचा एक नियम होता. कुलूप घेऊन येईल त्याला किल्ली करून द्यायची, किल्लीचा ठसा घेऊन येईल त्याला हाकलून द्यायचं. ठसा आणणारे साबणावर आणायचे, मेणावर आणायचे. एक सून तर तांदळाच्या भाकरीच्या पिठावर घेऊन आली! सासूनं सुक्या कोलंबीच्या, म्हणजे सोड्यांच्या, डब्याला कुलूप लावलं होतं. पदराखालून पिठाचा गोळा काढला आणि म्हणाली, "दादा, एवढी किल्ली करून द्या. मना डोहाळे लागलेत."

"बाय, सासूला घेऊन ये."

"सासू आली तर किल्लीच कशाला पायजे?" म्हणाली आणि गोळा तिथंच टाकून गेली. दुसऱ्या दिवशी सासू हजर. डबा घेऊन. किल्ली कुलपात जाईना. मी किल्ली डोळ्यासमोर धरली, तर दात्यांच्या फटीत पांढरं पीठ वाळून दगड झालेलं. म्हातारी माझ्या तोंडाकडे बघतेय. मी म्हटलं, "आय, तुझ्या घराशेजारी पिठाची गिरण हाय का?" म्हणाली, "हाय." म्हटलं, "मग उडालं असंल." पीठ काढून दिलं आणि वर सांगितलं, की पोटुशीच्या घरात सोड्याला कुलूप लावलं तर मूल रडकं होतं. हे मी मनानं रचलं. म्हातारीनं कुलूप माझ्याकडेच टाकलं. धंद्याचं नुकसान झालं, पण पुढं त्या सुनेला झालेला पोरगा एवढा दांडगा निघाला की विचारू नका.

चातुर्मासात तंबाखू सोडणारा एक गृहस्थ होता. डब्याला कुलूप घालून किल्ली माझ्या हवाली करायचा. "चांगा, मी पाया पडलो तरी देऊ नको." तिसऱ्या दिवशी दुकानाबाहेर घुटमळायला लागायचा. मग म्हणायचा, "नुसता वास घेतो. वासाला देवाची मनाई नाय." मी त्याला दुसऱ्याच कुलपाची किल्ली द्यायचो. तो घरी जायचा, तासभर झटायचा, परत यायचा आणि म्हणायचा, "देवाच्या मनात नाय!" असे चार महिने निभायचे. बघा, कुठं देव संपला आणि कुठं माझी लबाडी सुरू झाली, ते त्यालाही कळलं नाही.

आता मुख्य गोष्ट.

आमच्या गावदेवीचा चांदीचा मुखवटा होता. वर्षभर तो गुरवाच्या घरात तांदळाच्या कणगीत ठेवलेला असायचा आणि चैत्रात पालखीत बसायचा. स्वातंत्र्य आलं त्या सुमारास पलीकडच्या एका गावातून देवीचे डोळे चोरीला गेल्याची बातमी आली आणि आमचं गाव हादरलं. देवळाच्या पारावर सगळे जमले. ठरलं, सागाची पेटी करायची, कुलूप लावायचं, पेटी गाभाऱ्यात ठेवायची. इथवर एकमत. मग कुणीतरी विचारलं, किल्ली कुणाकडे?

कमळूशेट उठले. मिठागराचे मक्तेदार, गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, आवाज खाडीपलीकडे जाणारा. म्हणाले, "किल्ली माझ्याकडं. ज्याला देवाची भीती हाय, त्याच्याचकडं देवाची वस्तू ऱ्हावी. भीती गेली म्हणून तर जग बुडालं."

देवराम मास्तर उठले. गावच्या शाळेचे मास्तर, आमच्याच भावकीतले. नवसानं झालेलं पोर म्हणून आईनं देवराम नाव ठेवलं आणि पोरानं कळत्या वयापासून देव मानला नाही. मास्तर म्हणाले, "भीतीमुळे जो चोरी करत नाही, तो भीती गेली की करणार. मला देवीची भीती नाही आणि लोभही नाही. माझ्या लेखी ती चांदी आहे. ती गावाची आहे, म्हणून मी तिला हात लावणार नाही. किल्ली माझ्याकडे द्या."

"आयकलंव? देवीला चांदी म्हनतोय!"

"मग चांदी नाही तर काय, चिखल आहे?"

"जीभ झडंल, मास्तर!"

"झडली तर शाळेला सुट्टी. पोरं खूश होतील."

पार हसून लोळला. पण किल्लीचं काही ठरेना. दोघंही सरळ माणसं, दोघांनी कुणाचं शितभर खाल्लेलं नाही, आणि दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नाही. शेवटी मीच उठलो. माझं दुकान तेव्हा नवीन होतं, तोंड जुनंच. म्हटलं, "दोन कोयंडे बसवा. दोन कुलपं मी करतो. एक किल्ली शेटकडं, एक मास्तरांकडं. एकमेकांवर डोळा ठेवतील तेवढाच गावाचा फायदा."

गावाला पटलं. मी तेवढ्यावर गप्प बसायला हवं होतं, पण माझा स्वभाव! पारावर उभा राहून बोललो, "आणि आयका. माझं कुलूप कवा मोडून काढायची पाळी आली, तर त्याच दिवशी बाजारातलं दुकान बंद करीन आणि कमळूशेटच्या मिठागरावर फावडं धरीन." सगळ्या गावानं ऐकलं. कमळूशेटनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकलं.

ती कुलपं मी स्वतः केली. पितळेची, सात पट्ट्यांची, नारळाएवढी जड. असं कुलूप आता मिळत नाही, मिळत असेल तर दाखवा. दोघांना किल्ल्या देताना बजावलं, "महिन्याला एक थेंब तेल. बाकी काही नको."

पुढची काही वर्षं पालखीच्या सकाळी दोघंही पेटीशी यायचे, एकमेकांकडे न बघता किल्ल्या फिरवायचे आणि देवी बाहेर निघायची. आणि इथं एक नवल व्हायचं. आमच्याकडे खाडीची हवा. चांदी आठ दिवसांत काळवंडते. पण देवी वर्षभर पेटीत राहून बाहेर यायची ती लखलखीत, जणू आत्ताच सोनारानं दिली!

कमळूशेट हात जोडून म्हणायचे, "बघा! देवी आपोआप उजळते. अजून सत्त्व हाय."

मास्तर म्हणायचे, "बंद पेटीत हवा खेळत नाही, म्हणून काळी पडत नाही. विज्ञान आहे, शेट."

मी म्हणायचो, "हवा जात नाय कारण कुलपं माझी हायेत."

तिघं आपापल्या घरी खूश. आजूबाजूच्या गावातून लोक बघायला यायचे आणि जाताना माझ्या दुकानावरून एखादं कुलूप घेऊन जायचे.

नवे पैसे चालू झाले त्या सुमाराची गोष्ट. पालखीची सकाळ. खालूबाजा दारात उभा, सनईवाला गाल फुगवून तयार, माहेरवाशिणी आलेल्या, चिरनेरकडचे पाहुणे उतरलेले, पालखी फुलांनी सजवून ठेवलेली. मी नवं धोतर नेसून पुढंच उभा. कमळूशेटनी किल्ली घातली. अर्धी गेली, पुढं जाईना. मास्तरांनी घातली. पूर्ण गेली, पण फिरेना. दोघांनी पुन्हा जोर लावला. पुन्हा तेच.

कमळूशेट वळले ते मास्तरांवरच. "माझ्या कुलपात काय घातलंस?"

"मी वर्षभर देवळात पाय ठेवला नाही. तुम्हीच माझं कुलूप बिघडवलंत. तुमचं इथं रोजचं येणं-जाणं!"

"देव न मानणाऱ्याचा हात लागला का अशीच गत होते!"

"देव मानणाऱ्यांचा हात लागला की काय गत होते, ते देशभर दिसतंच आहे!"

बघता बघता गाव दोन बाजूंना झालं. शेटची बाजू म्हणे, देवीचा कोप आहे, कौल लावा. मास्तरांची बाजू म्हणे, पोलीस बोलवा, पंचनामा करा. एक पाहुणा मधेच म्हणाला, "घण आना न मोडून टाका." त्याबरोबर सगळ्या माना माझ्याकडे फिरल्या. मी केलेली प्रतिज्ञा कुणी विसरलेलं नव्हतं. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "फावडं हाय ना रे कुनाकडं?" आणि बायकासुद्धा हसल्या.

पण मी म्हटलं, "घण आनील त्याचा हात मोडीन. माझं कुलूप मी उघडतो. मना उजेड पायजे. पेटी गाभाऱ्यातनं बाहेर काढा."

चार दांडगे पोरगे पुढं झाले. सागाची पेटी, पितळेची जड कुलपं. चौघांनी चार कोपरे धरले, "गावदेवीचा उदो!" म्हणून आरोळी ठोकली आणि सगळा जोर लावून उचलली.

पेटी अशी वर आली की चौघंही मागच्या मागं धडपडले. एक तर थेट ढोलावर पडला आणि ढोलानं आपोआप दणका दिला. पेटी हातात होती. तळ जमिनीवरच राहिला होता. आणि त्या तळाच्या फळीवर, तांबड्या खणावर, देवी. लखलखीत. कपाळी ताजं कुंकू, वर अबोलीचा ताजा गजरा.

दोन्ही कुलपं बंद, किल्ल्या दोघांच्या हातात आणि देवी बाहेर. एका म्हातारीनं किंकाळी फोडली, "परगट झाली गो बाय!" आणि अर्धं गाव जमिनीवर आडवं झालं. कमळूशेट साष्टांग. डोळ्यांतून पाणी. मास्तर चष्मा पुसताहेत, पुन्हा लावताहेत, पुन्हा पुसताहेत. खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला. सनईवाल्याला वाटलं पालखी उठली. त्यानं जोरात सुरुवात केली.

तेवढ्यात मागून भागाबाय आली. भागाबाय म्हणजे गुरवाची विधवा. देऊळ झाडायची, सारवायची. जिभेला तिच्या हाड नव्हतं, आणि मालकीण तिथली तीच. कमरेला पदर खोचलेला, हातात केरसुणी. गर्दीतून वाट काढत पुढं आली, फळीकडं बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"अगो बाय! काल सारवल्यावर गजरा उतरवून पेटी नीट बसवायची राहिली वाटतं."

सनई थांबली. आडवे पडलेले एकेक करून उठून बसले.

कमळूशेट गुडघ्यावरच होते. "काय म्हनलीस?"

"तळ कवाचा सुटलाय तिचा. आंब्याची फळी घातलेली सुतारानं, वाळवीनं खिळ्याजवळ खाल्ली. मी सोमवारी सोमवारी पेटी उचलून बाजूला ठेवते, खालची जमीन सारवते, देवीला चिंचेच्या कोळानं घासते, राखेनं पुसते, गजरा घालते न पेटी वर बसवते."

"चिंचेनं?" मास्तर म्हणाले.

"मग काय तुमच्या खडूनं घासू, मास्तर?"

मी तुम्हाला सांगतो, तिघांचे चेहरे बघण्यासारखे होते. शेटचं सत्त्व गेलं, मास्तरांचं विज्ञान गेलं, आणि माझी हवा गेली. किती वर्षं गावोगाव आम्ही तिघं त्या झळाळीचं श्रेय घेत फिरलो होतो! ती सगळी चिंच.

कमळूशेट उठले. आवाज चढवून म्हणाले, "किल्लीबिगर देवीला हात लावलास! तुना भीती नाय वाटली?"

भागाबायनं केरसुणी दुसऱ्या हातात घेतली. "भीती कसली? काळी पडली असती तर बरी दिसली असती का ती पालखीत?"

मास्तर जरा सावरले होते. त्यांना वाटलं, आपला मुद्दा सिद्ध होतोय. म्हणाले, "म्हणजे भागाबाय, तुमचा देवाच्या भीतीवर विश्वास नाही. तुम्ही माणुसकीनं—"

"गप बसा हो मास्तर. देवीच्या घरातलं खाते मी. तुमी दोघं धा वर्सं कुलूप लावून बसलाव, ते एकमेकाला लावलंव. देवीला कवा लावलं होतं? तिचं न माझं काय भांडण हाय?"

ती पुढं झाली, देवी उचलली, पदरानं एकदा पुसली आणि पालखीत बसवली. खालूबाजा वाजायला लागला. गाव हसत हसत, नाचत नाचत निघालं. पोरं ओरडत होती, "चांगाचं कुलूप, वरनं बंद न खालनं मोकळं!"

मी गेलो नाही.

मला बायको बोलवायला आली, भाऊ बोलवायला आला. मी म्हटलं, माझी प्रतिज्ञा कुलपाची होती, तळाची नाही. तळ सुताराचा. मी ती बिनतळाची पेटी देवळाच्या पायरीवर उन्हात उपडी ठेवली आणि कुलपं उघडायला बसलो. बाजूनं पालखी गेली, माणसं थांबून थांबून बघायची, "अरे, उघडलीये ती, आता कुलूप उघडून काय आत जाऊन बसतोस?" म्हणायची. मी मान वर केली नाही.

आधी शेटचं कुलूप घेतलं. तार घातली तर चिकट. बाहेर काय निघालं म्हणता? कुंकू, हळद, अक्षता, तुळशीची पानं आणि साखर. शेट कुलपाची पूजा करत होते! किल्ली आपल्याकडे आहे म्हणजे कुलूपही देवाचंच, असं त्यांनी धरलं होतं. दर दसऱ्याला गंध-अक्षता, आणि गेल्या दसऱ्याला मिठागराची भरभराट झाली म्हणून त्यावर पंचामृताचा अभिषेक. दूध, दही, तूप, मध, साखर. आत मुंग्यांनी संसार थाटलेला. गरम पाण्यानं धुतलं, तारेनं कोरलं, एकेक तांदूळ बाहेर काढला. शेवटी खटका सरकला तेव्हा आतून मधाचा वास आला.

मग मास्तरांचं. आतल्या लोखंडी कमानी गंजल्या होत्या, तार लाल होऊन बाहेर आली. पावसाळ्यात देऊळ गळत होतं आणि ती गळती बरोब्बर त्याच कुलपावर. मास्तर देवळात यायचे नाहीत, म्हणून तेलाचा थेंबही नाही. त्याला घासलेट पाजलं, उन्हात ठेवलं, पुन्हा पाजलं, थोपटलं. दुपारी पालखी सुकापूरच्या बाजूनं फिरून परत येत होती, तेव्हा ते कण्हत कण्हत उघडलं. मी दोन्ही कुलपं दोन हातांत धरून पालखीसमोर उभा राहिलो. मोडलेली नव्हती. फावडं विचारणारा तोंड चुकवून निघून गेला.

नंतर दोघांना वेगवेगळं विचारलं. शेट म्हणाले, "गळती दिसत होती रे. पन मना वाटलं, देवीच त्याच्या कुलपावर पानी सोडतेय. आपन मधी का पडा?" मास्तर म्हणाले, "दसऱ्याला देवळावरून जाताना पाहिलं मी दूध ओतताना. त्यांचं त्यांना स्वातंत्र्य आहे म्हटलं. मी का सांगावं?" ही दोन प्रामाणिक माणसं! माणूस बिघडला म्हणतात तो इथंच कुठंतरी बिघडत असावा. पण मी शिकलेला नाही, मोठं बोलत नाही.

गावानं ठरवलं, पेटीला तळ पक्का करायचा. ते काम मी मागून घेतलं. जाडजूड सागाची फळी आणली, लोहाराकडून चौकोनी खिळे घडवून घेतले, वळवून ठोकले. मुंगी शिरणार नाही असा तळ केला. भागाबाय दारात उभी राहून बघत होती. "झालं?" म्हणाली. म्हटलं, "आता बघ." म्हणाली, "बघते की. मना काय, सोमवारचं काम वाचलं." आणि केरसुणी घेऊन निघून गेली.

ते वर्ष शेट आणि मास्तर दोघांनीही न चुकता कुलपांना तेल घातलं. मास्तर तेलासाठी देवळात यायचे, "मी कुलपाकडे आलोय" असं मोठ्यानं म्हणत. पुढच्या चैत्रात पालखीच्या सकाळी दोन्ही किल्ल्या लोण्यात फिराव्यात तशा फिरल्या. खट्, खट्. मी छाती काढून झाकण उघडलं.

देवी तव्यासारखी काळी होती.

कुणी उदो म्हटलं नाही. शेटनी शेजारच्याकडे पाहिलं, मास्तर झाकणाच्या आत बोट फिरवून हवा कुठून आली ते शोधायला लागले, आणि माझी छाती हळूहळू जागेवर आली. भागाबाय मागं होती. सगळ्यांना वाटलं, आता बोलेल. तिनं फक्त देवीकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. चिंच भिजत घालायला वेळ नव्हता. देवी तशीच पालखीत बसली. खालूबाजा वाजला, पण नाचलं कुणी नाही. माहेरवाशिणी ओटी भरायच्या आणि डोळे टिपायच्या. पोरंसुद्धा मला चिडवायला विसरली. चिडवलं असतं तर बरं झालं असतं.

पालखी परतल्यावर देवी पेटीत ठेवली, दोघांनी कुलपं लावली आणि सगळे घरी गेले. मी पक्कड घेऊन पुन्हा देवळात गेलो. कुलपाला हात लावायचा प्रश्न नव्हता, मालक समोर नसताना किल्ली नाही, हा उस्तादांचा नियम. पेटी कलती केली आणि तळाचे खिळे एकेक करून काढले. वळवून ठोकलेला खिळा लाकूड न चिरता काढून बघा कधी, म्हणजे कळेल काय काम असतं ते. एक कपचीसुद्धा उडाली नाही. फळी नुसती खोबणीत बसवली. खिळे खिशात टाकले.

दोन दिवसांनी दुकानात कमळूशेट आले. बाकावर बसले. कुलपांच्या किमती विचारल्या, घ्यायचं काही दिसेना. तेवढ्यात मास्तर आले. शेटना बघून दचकले, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. शेट मास्तरांच्या जाण्याची वाट बघताहेत, मास्तर शेटच्या. मी कानस चालवतोय. चहा आला, संपला. शेवटी शेटना राहवेना. घसा खाकरून म्हणाले, "चांगा, मी काय म्हनतो. देवीच्या मनात तो तळ दिसत नाय."

मास्तर लगेच म्हणाले, "मीही तेच म्हणायला आलो. म्हणजे, देवीच्या मनाचं नव्हे. धातूला वेळोवेळी स्वच्छ करणं आवश्यक असतं. शास्त्रीयदृष्ट्या."

"म्हंजे तुमी दोघंही म्हनता तळ मोकळा करा?"

दोघांनी पहिल्यांदाच एकमेकांकडे पाहिलं. "हो," म्हणाले. एका आवाजात.

"मग कुलपं काढू का?"

"छे छे!" दोघंही उठून उभे राहिले. "कुलपं पायजेत! याच्यावर कोन इस्वास ठेवील?"

"यांच्यावर कोण ठेवील?"

मी खिशातले खिळे काढून बाकावर ठेवले. मग कमळूशेट हसायला लागले, मग मास्तर. एवढं हसले की शेजारचा सोनार धावत आला. जाताना दोघांनी मिळून बाजारातून शेरभर चिंच घेतली आणि ती कुणी पोचवायची यावरून भांडत भांडत गावाकडे गेले.

पुढच्या चैत्रात देवी लखलखीत होती. भागाबाय गेली, आता तिची सून घासते. शेट गेले, मास्तर गेले, त्यांच्या मुलांकडे किल्ल्या आहेत. पालखीच्या सकाळी त्या दोन किल्ल्या फिरतात, झाकण उघडतं, आणि लोक माझी कुलपं नावाजतात. नावाजण्यासारखी आहेतच ती. सात पट्ट्यांची, किल्लीशिवाय उघडणार नाहीत अशी. तळाला खिळा नाही.